दिव्यांगांच्या बससाठी स्मार्ट कार्ड यंत्रं घेताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या शहरांत दोन तऱ्हेच्या सार्वजनिक बस दिसतात. एक ठरलेल्या मार्गावरची मोठी बस. दुसरी छोटी, व्हीलचेअरची लिफ्ट बसवलेली. आदल्या दिवशी फोन करून ठरवायची आणि मग दारापाशी येऊन नेणारी. या दुसऱ्या सेवेला पॅराट्रान्झिट म्हणतात. १९९० साली तिथे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. शहरात मार्गावर बस चालवायची, तर अपंगत्वामुळे ज्यांना ती बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी मार्गाच्या दोन्ही अंगांना पाऊण मैलापर्यंत ही सेवा द्यावीच लागते, तीही मार्गावरची बस चालते त्याच दिवशी, त्याच वेळात.

या छोट्या बसमध्ये कार्ड टॅप करायची यंत्रं बसवायची, अशा खरेदीत निविदा लिहिणाऱ्यांच्या बाजूने मी काही वर्षं काम केलंय. चुका जवळून पाहिल्या, काही माझ्याही हातून झाल्या. बहुतेकींचं मूळ एकच होतं. यंत्र मोठ्या बसच्या प्रवाशाला डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं असतं, आणि पॅराट्रान्झिटचा प्रवासी त्या यंत्रापर्यंत पोचतच नाही.

यंत्र ड्रायव्हरजवळ, प्रवासी लिफ्टवर

पहिल्या खरेदीनंतर एका सकाळी मी बसमधून फिरायला गेले होते. व्हॅलिडेटर, म्हणजे कार्ड टॅप करायचं यंत्र, पुढच्या दाराशी, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, नकाशात दाखवलेल्या जागी अगदी नीट बसवलेला. पहिल्याच थांब्यावर एक वयस्क बाई व्हीलचेअरवरून आल्या. लिफ्ट बसच्या मागच्या अंगाला. ड्रायव्हरने त्यांना वर घेतलं, चारही पट्टे जमिनीतल्या खाचांत अडकवले, कमरेचा पट्टा लावला. गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं कार्ड त्यांनी हातात धरलं होतं. व्हॅलिडेटर त्यांच्यापासून पाच आसनं पुढे. शेवटी ड्रायव्हरने दोरी त्यांच्या गळ्यातून काढली, कार्ड पुढे नेऊन टॅप केलं, परत आणून दोरी गळ्यात घातली. दिवसभर प्रत्येक व्हीलचेअरमागे हेच चाललं होतं.

आपल्या एसटीत किंवा बेस्टच्या बसमध्ये ही अडचण सुचणारही नाही, कारण तिकिटाचं यंत्र सहसा वाहकाच्या हातात असतं आणि वाहक प्रवाशापाशी येतो. अमेरिकेतल्या बसला वाहक नाही. म्हणून पॅराट्रान्झिटसाठी मला हातात धरायचं यंत्रच योग्य वाटतं, आणि खिळवलेला व्हॅलिडेटर घ्यायचाच असेल तर तो लिफ्टच्या दाराजवळ हवा. भाड्याची पेटी होता होईल तितकी पुढे असावी आणि व्हीलचेअरच्या वाटेत येऊ नये, असं गाड्यांच्या केंद्रीय नियमात आहे. त्यामुळे नवा खांब उभा करण्याआधी लिफ्टपासून आसनापर्यंतची वाट टेपने मोजा, आणि मोजताना एखादी मोठी विजेवर चालणारी खुर्ची प्रत्यक्ष आत फिरवून बघा. कागदावर पुरेशी वाटलेली जागा या खुर्चीला पुरेलच असं नाही.

हातातलं यंत्र घेतलंत की त्याचा संसारही विकत घ्यावा लागतो: डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा साचा, मनगटाला अडकवायचा पट्टा, पडलं तरी न फुटणारं आवरण, आणि जादा यंत्रं. मी दर दहा बसमागे एक तरी जादा धरते. ही यंत्रं पडतातच. ड्रायव्हरचे दोन्ही हात व्हीलचेअरच्या पट्ट्यांत असतात.

कार्ड कोणी हाताळायचं हा प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार, प्रवाशाला अपंगत्वामुळे नेहमीच्या रीतीने भाडं भरता येत नसेल आणि त्याने मदत मागितली, तर ड्रायव्हरने कार्ड किंवा पैसे हाताळून मदत करायची असते. मात्र प्रवाशाच्या खिशात किंवा पिशवीत हात घालून ते शोधून काढायचं बंधन ड्रायव्हरवर नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे दोन्ही सांगा. नाहीतर एक ड्रायव्हर कार्डाला हातच लावणार नाही आणि दुसरा पर्स उघडून बसेल.

आवाजाकडेही लक्ष द्या. भाडं गेलं, शिल्लक कमी आहे, कार्ड बंद आहे, या तिन्हींना एकच बीप वाजत असेल तर न दिसणाऱ्या प्रवाशाला आपलं भाडं गेलं की नाही ते कळत नाही. वेगळे आवाज आणि बोलून सांगायची सोय निविदेतच मागून घ्या, नंतर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

भाड्याचे नियम सॉफ्टवेअरला न सांगणं

ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

पॅराट्रान्झिटचं भाडं, त्याच वेळी तोच प्रवास मार्गावरच्या बसने केला असता तर पडलं असतं त्या पूर्ण भाड्याच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. मार्गावरचं भाडं कमी झालं की इकडची मर्यादाही खाली येते. मार्गावरची बस मोफत केली तर शून्याची दुप्पट शून्यच. भाड्याचा आकडा यंत्रात हाताने टाइप करून ठेवला असेल तर हा बदल कोणीतरी विसरतं, आणि प्रवाशांकडून बेकायदा जादा पैसे घेतले जात राहतात.

सोबतच्या मदतनिसाचं भाडं लागत नाही. मित्र किंवा नातेवाईक सोबत आला तर त्याला मात्र प्रवाशाइतकंच भाडं पडतं. म्हणजे एका टॅपमागे माणसं एक, दोन किंवा तीन असू शकतात, आणि त्यातली काही फुकट. पडद्यावर ‘मदतनीस’ आणि ‘सोबती’ अशी दोन वेगळी बटणं नसतील, तर ड्रायव्हर मदतनिसाची नोंदच करत नाही. केंद्राला पाठवायच्या आकडेवारीत मात्र हे फुकट प्रवासीही मोजायचे असतात. वर्षाअखेरीस टॅप आणि प्रवासी जुळेनात, तेव्हा सगळे यंत्राला दोष देतात. यंत्र बिचारं बरोबर असतं.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक. खात्यावर पैसे ठेवायची सोय आली की विक्रेता सुचवतो, ‘फेरी नोंदवतानाच भाडं कापून घेऊ.’ ऐकायला सोयीचं. पण प्रवासी त्या दिवशी आलाच नाही तर? न आल्याबद्दल सक्तीने पैसे लावता येत नाहीत, त्या न झालेल्या फेरीचं भाडंसुद्धा नाही, असं केंद्रीय ट्रान्झिट प्रशासनाच्या २०१५ च्या मार्गदर्शक परिपत्रकात स्पष्ट आहे. मग कापलेले पैसे परत करण्याचं काम रोजचं होतं. नोंदणीच्या वेळी फक्त शिल्लक तपासावी आणि चढताना कापावं, हेच बरं. त्यासाठी फेऱ्यांचं वेळापत्रक बनवणारं सॉफ्टवेअर आणि कार्डाचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलायला हवं. प्रत्येक टॅपला फेरीचा क्रमांक चिकटायला हवा. हे काम कोण करणार, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही विक्रेत्यांच्या करारात लिहा. एकाच करारात लिहिलंत तर दुसरा विक्रेता हात वर करतो.

दर थांब्यावर रीडर स्वतःच बंद-चालू होतो

आता वर्कशॉपमधल्या तक्रारी. मोठ्या बसमध्ये २४ व्होल्टची व्यवस्था असते, छोट्या बस ट्रकच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या, १२ व्होल्टच्या. स्टार्टर फिरतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर बरंच खाली जातं आणि रीडर, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, बंद पडून नव्याने सुरू होतो. पुन्हा तयार व्हायला तो एक-दोन मिनिटं घेतो. लिफ्टच्या पंपाची मोटरही भरपूर करंट ओढते. तार बारीक असेल किंवा अर्थिंग सैल असेल, तर लिफ्ट वर येताना, म्हणजे प्रवासी चढतानाच, पडदा काळा होतो. ड्रायव्हर सांगतो, ‘मशीन खराब आहे.’ यंत्र विक्रेत्याकडे जातं, टेबलावर व्यवस्थित चालतं, परत येतं, पुन्हा तेच.

यंत्र काढून पाठवण्याआधी मल्टिमीटर किमान व्होल्टेज नोंदवायच्या सेटिंगवर ठेवून रीडरच्या प्लगपाशी लावा. एकदा गाडी सुरू करा, एकदा लिफ्ट पूर्ण वर-खाली करा. आकडा विक्रेत्याने दिलेल्या किमान मर्यादेखाली गेला, तर दोष वायरिंगचा. सोपा उपाय असा, की वीज बॅटरीपासून वेगळ्या फ्यूजमधून थेट घ्यायची आणि इग्निशनची तार फक्त ‘गाडी चालू आहे’ हे कळवण्यापुरती जोडायची.

याची उलट बाजूही आहे. थेट बॅटरीवर जोडलेलं यंत्र झोपलंच नाही, तर शुक्रवारी संध्याकाळी सहाला उभी केलेली बस सोमवारी सकाळी सहाला सुरू होत नाही. अर्धा अँपिअर म्हटलं तरी ६० तासांत ३० अँपिअर-तास गेले. इग्निशन बंद झाल्यावर किती मिनिटांनी यंत्राने झोपायचं, आणि झोपेत किती करंट घ्यायचा, हे दोन आकडे निविदेत हवेत.

सिग्नल

मोठ्या बसचे मार्ग ठरलेले असतात, तिथला सिग्नल एकदा तपासला की झालं. पॅराट्रान्झिट बस डायलिसिस केंद्राच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही जाते आणि टेकडीमागच्या एकट्या घरापर्यंतही. म्हणून सिग्नल नसताना टॅप साठवून ठेवणारं आणि बंद केलेल्या कार्डांची यादी स्वतःजवळ बाळगणारं यंत्र हवं. किती टॅप साठवतं आणि डेपोत आल्यावर ते आपोआप चढवतं का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

यंत्राला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम बदलता येतो का तेही विचारा. अमेरिकेत २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं. ज्यांच्या यंत्रांत थ्रीजीचा मोडेम आतच जोडलेला होता, त्यांना चालू यंत्रं खोलावी लागली.

किल्ल्या कोणाकडे?

शहर सहसा एकटं नसतं. आजूबाजूच्या प्रदेशाचं मिळून एक कार्ड असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात क्लिपर, सिएटलकडे ऑर्का, लॉस एंजेलिसमध्ये ‘टॅप’ याच नावाचं कार्ड. स्वस्त मिळाला म्हणून दुसऱ्याच विक्रेत्याचा रीडर घेतला, तर तो प्रादेशिक कार्ड वाचेलच असं नाही. रीडर त्याच मानकाचा, त्याच १३.५६ मेगाहर्ट्झचा असतो, तरीही. कारण कार्डाच्या गुप्त किल्ल्या, म्हणजे कार्ड उघडणारे सांकेतिक आकडे, एका छोट्या सुरक्षा चिपमध्ये असतात आणि ती चिप द्यायची की नाही हे प्रादेशिक संस्था ठरवते. तिचं लेखी पत्र हाती येईपर्यंत निविदा काढू नका. प्रादेशिक करारातूनच खरेदी करत असाल, तर त्या यादीत हातातलं यंत्र आहे का हे आधी बघा. बऱ्याचदा यादी मोठ्या बससाठीच केलेली असते.

कार्डाची जातही विचारा. मायफेअर क्लासिक या जुन्या जातीच्या कार्डाचं कूटलेखन २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडून दाखवलं. आज फक्त तेवढंच वाचणारी यंत्रं कोणी उरलेल्या साठ्यातून स्वस्तात देऊ केली, तर घेऊ नका.

बस आधी जाते, यंत्र मागे राहतं

केंद्राच्या हिशेबात हलक्या छोट्या बसचं किमान आयुष्य ४ वर्षं किंवा १ लाख मैल. यंत्र त्याहून बरंच जास्त चालतं. म्हणजे तेच यंत्र दोन-तीन गाड्यांत जाणार. दर वेळी डॅशबोर्ड कापायचा नसेल तर यंत्र बसवायची तळपट्टी आणि तारांचा जोड असा घ्या, की मेकॅनिकला काढायला अर्धा तास पुरेल. नव्या बसच्या ऑर्डरमध्ये ही वायरिंग कारखान्यातूनच करून मागा.

गाड्या चालवणारा बहुधा खासगी कंत्राटदार असतो आणि गर्दीच्या वेळी तो टॅक्सीही लावतो. टॅक्सीत व्हॅलिडेटर नसतो, त्या फेऱ्यांचं भाडं कसं घ्यायचं ते आधी ठरवा. प्रत्येक यंत्राचा क्रमांक शहराच्या नोंदवहीत हवा. कंत्राट बदलताना तीच वही कामाला येते. आणि कागदी कूपनं एका दिवसात बंद करू नका. वृद्धाश्रम, सामाजिक संस्था ती गठ्ठ्याने घेऊन ठेवतात. ती बदलून द्यायला मोकळी मुदत द्या.

पैसे देण्याआधी

शिकागोमध्ये २०१३ साली व्हेंट्रा कार्ड आलं तेव्हा टॅप लागेनात, मदतीचा फोन लागेना. तिथल्या ट्रान्झिट संस्थेने जुन्या कार्डावरून पूर्ण बदल पुढे ढकलला आणि विक्रेत्याला सांगितलं, ९९ टक्के टॅप अडीच सेकंदांच्या आत झाल्याशिवाय, ९९ टक्के यंत्रं चालू असल्याशिवाय आणि फोन पाच मिनिटांत उचलला गेल्याशिवाय पैसे मिळणार नाहीत. असे आकडे तुम्ही पहिल्याच दिवशी करारात घाला. चाचणीही डेपोतल्या इंजिनिअरांकडून करून घेऊ नका. रोजचे प्रवासी, त्यांच्याच खुर्च्या आणि त्यांचीच कार्डं घेऊन करा.

कार्डावरून त्या बाई पुन्हा आठवतात. दोन आठवड्यांनी त्यांचं कार्ड चालेनासं झालं. रीडर बदलला, खातं तपासलं, सगळं ठीक. मग कार्ड हातात घेतलं. प्लॅस्टिकचा पाऊच फाटला म्हणून नातवाने दोरी ओवायला कार्डाच्याच कडेला पंचने भोक पाडून दिलं होतं. अँटेनाची तार कडेकडेनेच फिरते, ती तुटली होती. त्या महिन्यात अशी आणखी चार कार्डं निघाली. पुढच्या ऑर्डरमध्ये आम्ही प्रत्येक कार्डासोबत जाड पाऊच आणि दोरी मागवली, आणि कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘भोक पाडू नका’ छापून घेतलं.