किल्ला चढते, तरी वजन का हलत नाही?

घड्याळाने सांगितलं, अजिंक्यतारा चढून 520 कॅलरी गेल्या. मी हरखले आणि खाली उतरल्यावर राजवाड्यापाशी दोन कंदी पेढे खाल्ले. असे तीन महिने गेले, वजन तिथंच. दिवसभर पतसंस्थेत दुसऱ्यांचे हिशेब जुळवते, म्हटलं एकदा आपलाही जुळवू.

आधी शरीराचा बसून खर्च काढा, म्हणजे नुसतं पडून राहिलात तरी लागणारा. 1990 सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र त्यासाठी सोपं आहे. किलोतलं वजन गुणिले 10, अधिक सेंटीमीटरमधली उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. यातून बायकांनी 161 वजा करायचे, पुरुषांनी 5 मिळवायचे. माझं वजन 68, उंची 156, वय 46. म्हणून 680 अधिक 975, वजा 230, वजा 161. आले 1,264.

आता याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. बैठं काम असेल तर 1.2, थोडाफार व्यायाम असेल तर 1.375, आठवड्यातले तीन-पाच दिवस बऱ्यापैकी व्यायाम असेल तर 1.55. सगळी लबाडी इथं होते. मी आठवड्यातून दोनदा किल्ला चढते, म्हणून ऐटीत 1.55 धरलं आणि 1,959 आले. 1.375 धरलं तर 1,738. वर घड्याळाचे 520 मी वेगळे मिळवत होते, म्हणजे एकच चढण दोनदा जमा!

त्या 520 वरही माझा विश्वास नाही. 68 किलोचा देह 300 मीटर उचलायला जेमतेम 48 कॅलरीचं काम होतं. स्नायू खर्चाच्या साधारण पावपटच कामाला लावतात, म्हणून चढाईचे धरा 190. आडवं चालणं आणि उतरणं वेगळं, पण 520 काही होत नाहीत.

खरा आकडा वहीतून मिळतो. तीन आठवडे रोज सकाळी, चहाच्या आधी वजन करा आणि खाल्लेलं सगळं लिहा. सगळं म्हणजे फोडणीचं तेलसुद्धा. मोठा चमचाभर तेलाच्या 120 कॅलरी होतात. आमच्याकडे प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट पडतं, ते मी दोन दिवस विसरलेच होते. एखाद्या दिवशीच्या वजनाला घाबरू नका, पाळीच्या दिवसांत पाण्यानेही काटा चढतो. आठवड्याची सरासरी बघा.

माझं खाणं रोज सरासरी 1,800 भरलं. पहिल्या आठवड्याची सरासरी 68.0, तिसऱ्याची 68.2. किलोभर चरबीला अंदाजे 7,700 कॅलरी, म्हणून 200 ग्रॅमला 1,540. त्याला मधल्या 14 दिवसांनी भागलं की रोजचे 110 जास्तीचे. 1,800 वजा 110, माझा खर्च 1,690.

गरोदर बायकांनी आणि थायरॉइडवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच आकडे धरावेत. पावसाळ्यात माझं चढणं थांबतं, तेव्हा मी वही नव्याने सुरू करते.