थीम पार्कची लष्करी सवलत (अमेरिका): कोणाला मिळते, कोणाला नाही, आणि या चुका टाळा

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत थीम पार्कच्या तिकीट खिडकीवर लष्करी सवलत नाकारली जाते तेव्हा समोरचा माणूस खोटं बोलत असतो असं क्वचितच होतं. तो सैन्यात खरंच नोकरी करून आलेला असतो. पण त्याच्या हातातलं कार्ड त्या पार्कच्या यादीत बसत नसतं, आणि तोवर विमानाची तिकिटं, हॉटेल, भाड्याची गाडी असं सगळं ठरून गेलेलं असतं.

सैनिकांना थीम पार्कांनी सवलत द्यावी असा अमेरिकेत कुठलाही कायदा नाही. डिस्ने, सीवर्ल्ड, युनिव्हर्सल या कंपन्या आपापली यादी ठरवतात आणि मुदत संपली की बदलतात. त्यामुळे "आर्मीवाल्यांना सवलत असते ना?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं पार्क, कोणतं वर्ष आणि कोणतं कार्ड, हे तिन्ही कळल्याशिवाय बेत आखू नका.

निवृत्त आणि माजी सैनिक एकच समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चार-सहा वर्षं नोकरी करून सन्मानाने बाहेर पडलेल्या माणसालाही घरातले "आर्मीतून रिटायर झाला" असंच म्हणतात. अमेरिकी लष्कराच्या हिशेबात निवृत्त म्हणजे साधारण वीस वर्षं सेवा करून निवृत्तीवेतनाला पात्र झालेला, किंवा दुखापत-आजारामुळे वैद्यकीय कारणावरून लष्करानेच निवृत्त केलेला. बाकीचे माजी सैनिक. दोघांचा मान सारखा, पण कार्ड वेगळं.

डिस्नेच्या लष्करी तिकिटांसाठी पात्र कोण? सेवेत असलेले, निवृत्त, रिझर्व्ह (राखीव दल) आणि नॅशनल गार्ड (राज्यांचं अर्धवेळ दल) यांचे सदस्य. लष्कर, नौदल, हवाई दल, मरीन, कोस्ट गार्ड आणि स्पेस फोर्स हे सगळे यात येतात. सार्वजनिक आरोग्य सेवा आणि नोआ (समुद्र व हवामान यांची सरकारी संस्था) यांच्या गणवेशधारी दलांचे अधिकारीही येतात, आणि हे पुष्कळांना माहीत नसतं. शिवाय सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेले माजी सैनिक, मात्र त्यांच्याकडे संरक्षण खात्याचं कार्ड हवं आणि त्यावर 'डीएव्हीपीआरएम' (DAVPRM, म्हणजे कायमचं अपंगत्व आलेला माजी सैनिक) ही अक्षरं हवीत. या सगळ्यांचे पती-पत्नी आणि दिवंगत सैनिकाचा पुनर्विवाह न केलेला जोडीदार हेही पात्र.

म्हणजे इराकमध्ये लढून आलेला, सत्तर टक्के अपंगत्व असलेला माजी सैनिक या यादीत नाही. हे मनाला लागतं. आमच्या मते ही रेघ चुकीच्या जागी ओढलेली आहे. पण खिडकीवर बसलेल्या मुलीशी वाद घालून ती हलत नाही, म्हणून घरातूनच खात्री करून निघा.

सीवर्ल्डचं गणित जवळजवळ उलटं आहे. 'वेव्ह्ज ऑफ ऑनर' या योजनेत सीवर्ल्ड, बुश गार्डन्स आणि पेनसिल्व्हेनियातलं सेसमी प्लेस इथे सेवेतल्या सैनिकाला वर्षातून एकदा एका दिवसाचा प्रवेश फुकट असतो, सोबत त्याच्यावर अवलंबून असलेले तिघेही. नियमित कवायतीला जाणारे रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डचे लोक यात बसतात. वीस वर्षं काढून निवृत्त झालेला मात्र या नेहमीच्या योजनेत बसत नाही! माजी सैनिकांसाठी वेगळी ऑफर वर्षातल्या ठरावीक काळापुरती निघते आणि तिची नोंदणी मुदतीतच करावी लागते. त्यामुळे एका पार्कात हक्काने मिळालं म्हणून शेजारच्या पार्कात मिळेल असं धरू नका.

डीडी-२१४ घेऊन खिडकीवर जाणं

डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा दाखला. बऱ्याच दुकानांत, उपाहारगृहांत तो चालतो, म्हणून लोक तोच घडी करून पाकिटात ठेवतात. डिस्नेच्या खिडकीवर तो चालत नाही. वेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या) दवाखान्याचं कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवरचा 'वेटरन' हा शिक्का यांवरही भरवसा ठेवू नका.

शंभर टक्के कायमचं अपंगत्व मंजूर झालेल्यांनी संरक्षण खात्याचं कार्ड आधी काढून घ्यावं. त्यासाठी वेटरन्स अफेअर्सचं मंजुरीपत्र, डीडी-२१४ आणि ओळखीचे दोन पुरावे घेऊन जवळच्या लष्करी ओळखपत्र कार्यालयात जायचं. भेटीची वेळ ऑनलाइन मिळते, पण काही तळांवर ती लांबची असते, म्हणून सहलीच्या दोन-तीन महिने आधीच हे काम हातात घ्या.

आणखी एक फसवी गोष्ट. नोव्हेंबर २०१७ पासून सन्मानाने सेवामुक्त झालेल्या सगळ्या माजी सैनिकांना लष्करी एक्सचेंजच्या (सैनिकांसाठीच्या सवलतीच्या दुकानांच्या) वेबसाइटवर खरेदी करता येते. जानेवारी २०२० पासून पर्पल हार्ट (लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) मिळालेले, युद्धकैदी राहिलेले आणि सेवेमुळे कितीही टक्के अपंगत्व आलेले यांना तळावरची दुकानं आणि करमणुकीच्या सोयीही खुल्या झाल्या. त्यामुळे तळावरच्या तिकीट कार्यालयात प्रवेश मिळतो, पण तिथे डिस्नेची दोन प्रकारची तिकिटं असतात. एक मोठ्या सवलतीची 'सॅल्यूट' तिकिटं, जी वरच्या यादीपुरतीच. दुसरी थोड्याशा सवलतीची नेहमीची तिकिटं, जी तळावरचे नागरी कर्मचारी आणि या नव्याने पात्र झालेल्यांनाही मिळतात. विचारताना प्रकाराचं नाव घेऊन विचारा.

कार्डावरची पट्टी न पाहणं

कॉमन ॲक्सेस कार्ड, ज्याला सगळे कॅक म्हणतात, ते सैनिकांबरोबर संरक्षण खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांनाही मिळतं. हिरवी पट्टी म्हणजे कंत्राटदार. डिफेन्सच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या आयटीतल्या मंडळींकडे हेच कार्ड असतं, आणि त्यावर सॅल्यूट तिकीट मिळत नाही. निळी पट्टी म्हणजे परदेशी नागरिक. पट्टी नसेल तर कार्ड सैनिकाचंही असू शकतं आणि नागरी कर्मचाऱ्याचंही, म्हणून ॲफिलिएशनच्या जागी काय छापलंय ते वाचा.

भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले बाबा किंवा सासरे बरोबर असतील तर त्यांचं माजी सैनिक ओळखपत्र इथे उपयोगी पडत नाही. परदेशी सैनिकांपैकी डिस्ने फक्त अमेरिकी तळावर नेमणुकीला असलेल्यांना, निळ्या पट्टीच्या कॅकवर, तिकीट देतं.

इंडियाहून आलेल्या आईबाबांचा हिशेब चुकवणं

मराठी घरांत हा प्रश्न हमखास येतो: मुलगा किंवा सून नॅशनल गार्डमध्ये आहे, आईबाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत, त्यांना सवलत मिळेल का?

डिस्नेला मिळेल. एका पात्र व्यक्तीला सहापर्यंत सॅल्यूट तिकिटं घेता येतात आणि ती कुटुंबातल्या किंवा मित्रमंडळींतल्या कोणालाही वापरता येतात. अट एवढीच, की त्यातलं एक तिकीट स्वतः सैनिकाने किंवा त्याच्या जोडीदाराने वापरायला हवं. दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि आईबाबा, अशी सहाची टोळी नेमकी बसते. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागतच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी सहातलं एक वाया घालवू नका.

सीवर्ल्डला मिळणार नाही. तिथले तिघे म्हणजे लष्कराच्या नोंदीत अवलंबून असलेले. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील त्यात आपोआप येत नाहीत. त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च मुलगा करतो हे लष्कराच्या वित्त विभागाकडे सिद्ध करून आश्रितांचं कार्ड निघतं, पण ते काम सहलीपुरतं होणारं नाही. त्यांची तिकिटं सरळ विकत घ्या.

जोडीदाराचं कार्ड नसणं

सैनिक ड्यूटीवर असेल तर त्याच्या ऐवजी पत्नी किंवा पती डिस्नेची तिकिटं घेऊ आणि सुरू करू शकतात. पण जोडीदाराकडे स्वतःचं लष्करी कार्ड हवं. लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या कार्डाचा मोबाइलवरचा फोटो दाखवून काम होत नाही. अठरा वर्षांच्या मुलाकडे आश्रिताचं कार्ड असलं तरी त्याला ही तिकिटं सुरू करता येत नाहीत. साखरपुडा झालेल्यांनाही नाही.

कार्डासाठी आधी डीअर्स या लष्करी नोंदवहीत नाव चढवावं लागतं. लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून मिळालेला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींचं पत्र चालत नाही. दाखला नुसता मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. जन्मदाखला, फोटो असलेला पुरावा आणि सैनिकाच्या सहीचा ११७२-२ क्रमांकाचा फॉर्मही हवा. सैनिक स्वतः येऊ शकत नसेल तर हा फॉर्म नोटरीसमोर सही करून घेतलेला असावा.

आता कार्डाचा फोटो. लष्करी ओळखपत्राची परवानगीशिवाय नक्कल करणं किंवा फोटो काढणं अमेरिकी कायद्याच्या शीर्षक १८, कलम ७०१ खाली गुन्हा ठरू शकतो. "कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, तिकीट करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला तो पाठवू नका.

नाव जुळत नाही म्हणून अडकणं

सीवर्ल्डसारख्या योजनांत गेटवर कार्ड पाहण्याआधी आयडी डॉट मीसारख्या ओळख तपासणाऱ्या वेबसाइटवर पडताळणी होते. आपली नावं इथे हटकून अडतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या जागी, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा, तर भरतीच्या कागदांवर मधलं नाव गाळलेलं. वेबसाइट तुमचं नाव लष्कराच्या नोंदीशी ताडून पाहते. तुम्ही "प्राजक्ता सुहास कुलकर्णी" असं पूर्ण लिहिलंत आणि नोंदीत नुसतं "प्राजक्ता कुलकर्णी" असेल, तर पडताळणी अडू शकते. लष्करी कार्डावर जसं छापलंय, अक्षर न् अक्षर तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधी डीअर्समध्ये बदल करून घ्या. तरीही नाकारलं तर पुन्हापुन्हा तेच भरत बसू नका. कागदपत्रं अपलोड करून पडताळणी करायचा पर्याय तिथे असतो, तो निवडा.

कुठे घ्यावं, केव्हा सुरू करावं

डिस्नेची सॅल्यूट तिकिटं तळावरच्या तिकीट कार्यालयातून घेतली तर विक्रीकर लागत नाही. ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथे तो साडेसहा टक्के आहे. सहा जणांच्या चार-पाच दिवसांच्या तिकिटांवर ही रक्कम जेवणाच्या एखाद्या मोठ्या बिलाएवढी होते. तळ जवळ नसेल तर डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या शेड्स ऑफ ग्रीन या लष्करी हॉटेलातही ती मिळतात, आणि त्यासाठी तिथे राहावं लागत नाही. राहायचंच असेल तर तिथलं भाडं हुद्द्याच्या श्रेणीप्रमाणे ठरतं आणि पात्रतेची यादी सॅल्यूट तिकिटांपेक्षा मोठी आहे. वर सांगितलेला सत्तर टक्के अपंगत्वाचा माजी सैनिक इथे राहू शकतो.

विकत घेतलेलं सॅल्यूट तिकीट लगेच चालू नसतं. पार्कच्या दारापाशी तिकीट खिडकीवर किंवा गेस्ट रिलेशन्सला (पाहुण्यांच्या मदत कक्षाला) कार्ड दाखवून ते सुरू करून घ्यावं लागतं. पहिल्याच सकाळी गेटवर जाऊन ही रांग लावणं म्हणजे सर्वांत कमी गर्दीचा तास घालवणं. आदल्या संध्याकाळी पोचत असाल तर हे काम तेव्हाच उरका. दिवस सलग वापरायची सक्ती नसते, पण योजनेची शेवटची तारीख उलटली की उरलेले दिवस गेले. काही तारखा वगळलेल्याही असतात, त्या विकत घेतानाच पाहा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडला तिकिटाबरोबर त्या दिवसाचं रिझर्व्हेशनही लागतं.

ऑनलाइन बाजारात कोणी "उरलेले दोन दिवस" स्वस्तात विकत असेल तर घेऊ नका. ही तिकिटं हस्तांतर करता येत नाहीत. डिस्ने वर्ल्डच्या गेटवर तिकीट वापरणाऱ्याच्या बोटाची नोंद घेतली जाते, आणि दुसऱ्याचं बोट जुळत नाही.

खिडकीवर नकार मिळाला तर

आधी नकाराचं कारण विचारा. कार्डाची मुदत संपली असेल तर त्या दिवशी इलाज नाही, पण जोडीदाराचं चालू कार्ड असेल तर त्यावर काम होतं. कार्डाचा प्रकार बसत नसेल तर सुरू न केलेली तिकिटं तशीच ठेवा आणि ज्या तळावरून घेतली त्यांना फोन करा; परतावा त्यांच्या नियमांप्रमाणे मिळतो, डिस्नेच्या खिडकीवर नाही. चुकूनही सहातली काही तिकिटं आधी सुरू करून मग वाद घालू नका, कारण सुरू झालेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत.