ग्रँड कॅन्यनला उतरण्याआधी: मीठ घेतलंत का?

मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या पुण्यातल्या ट्रेकर मंडळींसाठी हे लिहितेय. टोपी, गॉगल, सरावातले बूट हे तुम्हाला सांगायला नको. मीठ मात्र सांगणार, कारण गेल्या जूनमध्ये मी नेमकं तेच विसरले.

ओआरएसची पाकिटं पुण्यातूनच घ्या, माणशी सहा तरी. एक लिटर पाण्यात एक अख्खं पाकीट, अर्धं नाही. बरोबर खारे शेंगदाणे, भडंग, लोणचं-पोळी. नुसत्या चिक्कीवर भागत नाही. (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) सह्याद्रीत शर्ट पिळायची वेळ येते, म्हणून घाम गेलेला कळतो. तिथल्या कोरड्या हवेत तो अंगावर टिकतच नाही, शर्टावर पांढरे डाग तेवढे उरतात. मी चार लिटर साधं पाणी प्यायले. वर येताना बोटं इतकी सुजली की अंगठी फिरेना. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि मी आणखी पाणीच पीत होते! रक्तातलं सोडियम उतरलं की असं होतं, आणि साध्या पाण्याने ते अजून उतरतं. एका रेंजर बाईंनी बाटली काढून घेतली आणि सावलीत बसवून खारी बिस्किटं खायला लावली. म्हणून पुन्हा सांगते, पाण्याबरोबर मीठ.

सराव सिंहगडावरच करा, पण उलटा. गाडीने वर जा, आतकरवाडीत उतरा आणि मग चढा. कॅन्यनमध्ये उतार आधी असतो, चढ येतो तो पाय दमल्यावर, ऊन तापल्यावर. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा.

वाट ब्राइट एंजलची घ्या. दीड मैलावरचा निवारा सुमारे ३४० मीटर खाली आहे, पहिल्या खेपेला तिथूनच फिरा. तीन मैलांवरचा ६४५ मीटर खाली, म्हणजे अख्खा सिंहगड. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचं मनातही आणू नका, उद्यानवालेच नको म्हणतात. साउथ कैबाब या दुसऱ्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही. ब्राइट एंजलच्या नळांचंही आदल्या दिवशी विचारून घ्या, पाइपलाइन फुटते.

उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ उन्हात चढायचं नाही. पहाटेच निघा.

बाकी थोडक्यात. टॉर्च हवा. फोनला रेंज नसते, परतायची वेळ घरी सांगून ठेवा. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये ढग जमले तर मागे फिरा.

आणि मीठ दोघांच्या सॅकमध्ये वेगवेगळं ठेवा. माझी पाकिटं वर गाडीतच राहिली होती.