पिकअपची अश्वशक्ती वाढवताना या चुका टाळा

सोयाबीनची काढणी उरकून माल मोंढ्याकडे निघू लागला की गॅरेजमध्ये एकच तक्रार वारंवार ऐकू येते: गाडी ओढत नाही, चढाला दम टाकते. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली पिकअप रेंगाळू लागली की मालकाला चिप (इंधनाचे प्रमाण वाढवणारा इलेक्ट्रॉनिक भाग), मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) किंवा नवे सायलेन्सर बसवावेसे वाटते आणि त्यासाठी हंगामाच्या कमाईतला मोठा हिस्सा खर्च करण्याची त्याची तयारी असते. त्याची अडचण खरी असते. मात्र कंपनीने दिलेली शक्ती चाकापर्यंत पोचते आहे की नाही, हे न पाहताच वाढीव शक्ती विकत घेणे ही पहिली आणि सर्वांत महागडी चूक आहे.

गळती न शोधता सुधारणा करणे

टर्बो डिझेल गाडीत सर्वांत फसवे दुखणे इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, रबरी होजचे असते. वरून होज शाबूत दिसतो, पण खालच्या अंगाला, क्लिपच्या कडेशी, रबर घासून बारीक चीर पडलेली असते. गाडी जागेवर उभी करून रेस दिली तर ही चीर लक्षात येत नाही, कारण टर्बोचा पूर्ण दाब इंजिनावर भार आल्यावरच तयार होतो. चढाला ॲक्सिलरेटर दाबताच हवा निसटल्याचा आवाज येणे, मागे काळा धूर दिसणे आणि होजच्या सांध्याबाहेर तेलकट थरावर धूळ बसून काळा चिकट लेप तयार होणे, या तीन खुणा एकत्र दिसल्या की होज काढून हाताने वाकवून पाहावा. चीर उघडते आणि लगेच दिसते. एक होज आणि दोन चांगल्या क्लिप बदलून गेलेली उचल परत येत असेल, तर चिपवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही.

त्यानंतर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, नोझल आणि क्लच यांच्याकडे वळावे. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. चाक जॅकवर उचलून हाताने सहज फिरत नसेल तर ब्रेक धरून बसले आहेत आणि इंजिनाची शक्ती तिथेच खर्ची पडते आहे.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. 25 अंश सेल्सिअसच्या तुलनेत 43 अंशांवर हवेची घनता सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते. टर्बो आणि इंटरकूलर ही तूट बरीचशी भरून काढतात, पण इंटरकूलर व रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि धूळ अडकली असेल तर त्यांना ते साधत नाही. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत कापसाचे तंतूही अडकतात. ही जाळी कमी दाबाच्या पाण्याने, आतून बाहेरच्या दिशेने धुवावी.

अश्वशक्तीचा एकच आकडा पाहणे

एखाद्या पिकअपचे इंजिन 75 अश्वशक्तीचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती शक्ती मिनिटाला 3200 फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्याच इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 1800 फेऱ्यांवर 200 न्यूटन-मीटर असला, तरी त्या वेळी चाकाकडे निघणारी शक्ती जेमतेम 51 अश्वशक्ती असते, कारण शक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. म्हणून चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत ठेवून शक्ती कमी आहे असे म्हणण्यापेक्षा वेळीच गिअर उतरवला, तर वीस अश्वशक्तीच्या घरात फरक फुकट मिळतो. मोठ्या मापाचे टायर बसवलेल्या गाडीत हाच प्रश्न उलट दिशेने येतो: चाकाचा घेर वाढला की प्रत्येक गिअर लांबतो आणि चढावरची ओढ कमी होते. अशा गाडीला चिपपेक्षा मूळ मापाच्या टायरची गरज जास्त असते.

हवा, इंधन आणि उष्णता यांचा मेळ न घालणे

डिझेल इंजिनात इंधनाच्या मानाने हवा मुळातच जास्त असते. त्यामुळे नुसता उघडा कोन फिल्टर किंवा मोकळे सायलेन्सर बसवून शक्ती फारशी वाढत नाही. कोन फिल्टर तर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवरची बारीक धूळ टर्बोच्या पात्यांपर्यंत जाऊ देतो. शक्ती वाढते ती इंधन वाढवल्यावर, म्हणजे ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे केव्हा किती इंधन द्यायचे याचा तक्ता, बदलल्यावर. मात्र वाढवलेल्या इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही तर काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. ते बराच वेळ 700 अंशांच्या वर राहिले तर ॲल्युमिनियमचे पिस्टन, टर्बो आणि हेड गॅस्केट तिन्ही धोक्यात येतात. रिकाम्या गाडीत दोन मिनिटे पळवून दाखवलेला मॅप चांगला वाटतो. त्याची खरी परीक्षा मे महिन्यात, भरल्या गाडीने, लांब चढावर होते. त्यामुळे मॅप बदलण्याआधी क्लच, कूलंट, रेडिएटर आणि फॅन या गोष्टी वाढीव भार पेलतील अशा करून घ्याव्यात.

कायदा बाजूला ठेवणे

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम 182 अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. बीएस-6 गाडीतील डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्पष्टपणे नाकारावा. इंजिनाची ताकद वाढली म्हणून गाडीची भारक्षमताही वाढत नाही. ब्रेक, पाटे आणि एक्सल तेच राहतात आणि जादा भारासाठी कलम 194 खाली किमान 20,000 रुपये दंड आहे.

मोजमाप न करता पैसे देणे

काम करण्याआधी एक ठरलेला चढ ठरलेल्या भाराने चढून कोणता गिअर लागला, किती वेळ लागला आणि तापमानाचा काटा कुठे राहिला हे लिहून ठेवावे आणि काम झाल्यावर तोच चढ, तेवढ्याच भाराने, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा चढावा. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला किंवा आरशात काळा धूर दिसला, तर मूळ मॅप परत टाकून देण्याची अट आधीच ठरवून घ्यावी आणि मूळ मॅपची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.