पुढच्या चाकाला प्ले आलाय? तो शोधताना या चुका टाळा

गाडीला पंधरा वर्षं होत आली की दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे आरटीओत रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. दुसरी म्हणजे त्या तयारीसाठी गॅरेजमध्ये गेल्यावर कुणीतरी पुढचं चाक धरून हलवतो आणि म्हणतो, "साहेब, प्ले आलाय, सगळं सस्पेन्शन करून घ्या." पहिली टळत नाही. दुसरीत मात्र थांबून एक प्रश्न विचारावा: प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, नक्की कशात?

चाक हललं म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधला कुठला तरी एक सांधा सैल आहे, एवढंच कळतं. तो चाक ज्यावर फिरतं ते व्हील बेअरिंग असेल, चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट असेल, चाक वळवणाऱ्या दांड्याचं बाहेरचं टोक म्हणजे टाय रॉड एन्ड असेल, त्या दांड्याला ढकलणाऱ्या स्टीअरिंग रॅकचं आतलं टोक असेल, आर्म बॉडीला जोडतात तिथलं रबर बुश असेल, नाहीतर झिजलेला स्ट्रट, म्हणजे शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब. हातातल्या टायरला या सगळ्यांची 'टक्' जवळपास सारखीच लागते. म्हणून टायर हलवणारा निदान करत नसतो, चाकाच्या मागे टॉर्च धरून बघणारा ते करतो. ही तपासणी दोघांनी करायची असते. बहुतेक चुकीचे खर्च एकट्याने चाक हलवून काढलेल्या निष्कर्षातून होतात.

गाडी कुठून उचलली याकडे दुर्लक्ष

ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आपल्या पिंपरीत तयार झालेली इंडिका, या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. यात स्प्रिंगचं वजन लोअर आर्मवर येत नाही, त्यामुळे गाडी बॉडीच्या ठरलेल्या जागी जॅक लावून उचलली आणि चाक लोंबकळू दिलं की बॉल जॉइंट मोकळा होतो आणि त्यातला प्ले दिसतो. हीच गाडी लोअर आर्मखाली जॅक लावून उचलली तर सांधा दाबला जातो आणि खराब जॉइंटही घट्ट वाटू शकतो.

स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) जोर लोअर आर्मवर येणाऱ्या डबल विशबोनच्या, म्हणजे वर-खाली दोन आर्म असलेल्या, गाड्यांत नेमकं उलटं. तिथे जॅक आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळात जवळ लावायचा. चासीखाली लावला तर स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते आणि प्ले लपतो. आपल्या गाडीला यातलं कुठलं सस्पेन्शन आहे हे माहीत नसताना 'एकदम टाइट आहे' म्हणणं व्यर्थ.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर पेव्हर ब्लॉकवर जॅक थेट टेकवू नका. ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. खाली जाड लाकडी ठोकळा घ्या, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक सरकू न देणारा अडसर) लावा आणि गाडी स्टँडवर बसल्याशिवाय खाली डोकं घालू नका. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो.

'बारा-सहा म्हणजे बेअरिंग, तीन-नऊ म्हणजे टाय रॉड'

हे सूत्र प्रत्येकाला पाठ असतं, आणि ते अर्धवट आहे. टायर घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आतबाहेर हलवला की बेअरिंगही बोलतं, बॉल जॉइंटही बोलतो आणि स्ट्रटच्या वरच्या टोकाचा झिजलेला गाइडही बोलतो. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर टाय रॉड एन्ड, रॅकचं आतलं टोक, रॅकचं बुश यांचा प्ले कळतो, पण बेअरिंगचाही कळतो, कारण बेअरिंग झिजतं ते सगळ्या बाजूंनी. म्हणून दोन्हीकडे सारखंच हलत असेल तर आधी संशय बेअरिंगवर. फक्त तीन-नऊला हलत असेल तर स्टीअरिंगच्या सांध्यांकडे जायचं. फक्त बारा-सहाला असेल तर बॉल जॉइंट आणि स्ट्रट. याला संशयच म्हणायचं, निकाल नाही.

निकालासाठी ब्रेक. मदतनिसाला आत बसवून ब्रेक पेडल दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला पकडतात, पॅड धरणारा कॅलिपर नकलला (बेअरिंग, आर्म आणि स्ट्रट ज्याला जोडलेले असतात त्या तुकड्याला) बोल्ट केलेला असतो, त्यामुळे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल एक होतात आणि बेअरिंग खेळातून बाहेर पडतं. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये होता. तसाच राहिला तर तो नकलच्या पलीकडे आहे: बॉल जॉइंट, आर्म, स्ट्रट किंवा स्टीअरिंग.

इथेही एक फसगत आहे. जुन्या गाडीत ब्रेक पॅड ब्रॅकेटमध्ये सैल असतात किंवा कॅलिपरच्या पिना झिजलेल्या असतात. चाक हलवलं की ते खडखडतात, ब्रेक दाबला की गप्प. कानावर भरवसा ठेवणारा लगेच बेअरिंग बदलायला सांगतो. डोळ्यांनी बघा: चाक हलवताना डिस्क आणि कॅलिपर ब्रॅकेट यांच्यातली फट कमीजास्त होतेय का? होत असेल तर बेअरिंग. फट तशीच आणि नुसता आवाज, तर ब्रेकचं काम, आणि ते फारच स्वस्तात पडतं.

आणि या सगळ्याच्याही आधी व्हील नट. पंक्चरवाल्याने घाईत लावलेले सैल नट हुबेहूब बेअरिंगसारखे वागतात. गाडी खाली असतानाच पाना लावून बघा. त्यानंतर चाकाच्या मधोमध असलेला ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) मोठा नट. तो सैल असला तर चांगलं बेअरिंगही हलतं, आणि तसं थोडा काळ चालवलं तर ते खरोखर खराब होतं.

सांध्यावर हात न ठेवता निर्णय देणं

टाय रॉडसाठी माझं मत स्पष्ट आहे: गाडी उचलू नका. चारही चाकं जमिनीवर, मदतनीस स्टीअरिंग डावी-उजवीकडे दोन बोटं हलवतोय, भराभर, आणि तुम्ही टाय रॉड एन्डवर असं बोट ठेवलंय की अर्धं बोट सॉकेटवर, अर्धं स्टीअरिंग आर्मवर. सांधा झिजला असेल तर दोन भाग आगेमागे हलतात आणि ते बोटाला लगेच कळतं. आतला रॅक एन्ड रबरी बुटाच्या आत असतो. बूट चिमटीत धरून त्यातून चाचपा. पॉवर स्टीअरिंग असेल तर चाकं वळायला लागतील इतकं फिरवायची गरज नाही.

चाक उचलून तीन-नऊला हलवायचंच असेल तर कुणाला तरी स्टीअरिंग घट्ट धरायला सांगा. मोकळ्या स्टीअरिंगवर चाक हलवलं तर सगळी लिंकेज, पलीकडचं चाक, सगळंच सरकतं आणि त्यालाच प्ले समजलं जातं.

बॉल जॉइंटसाठी टॉमी, म्हणजे लांब लोखंडी पहार, लागते. ती आर्म आणि नकल यांच्यामध्ये घालून हळूच वर-खाली जोर द्या आणि आर्मच्या तुलनेत जॉइंटचा दांडा उडी मारतो का ते पाहा. रबरी बूट फाडू नका. बूट आधीच फाटलेला असेल तर प्ले नसला तरी त्या जॉइंटचे दिवस भरले, कारण एक पावसाळा पुरे असतो. सिंहगड रस्त्यावरचं साचलेलं पाणी आणि खडी आत गेली की ग्रीस संपतं आणि सॉकेट किसलं जातं.

टॉमीने आर्मचं मागचं बुशही हलवून बघा. रबर थोडं दबणं ठीक, कारण ते त्यासाठीच आहे. भेग आरपार गेली असेल किंवा मधली स्लीव्ह सुटली असेल तर मात्र ते बाद. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते आणि ब्रेक सोडल्यावर 'धप्' होतं, ही तक्रार बऱ्याचदा या बुशची असते, पण चाक हाताने हलवून ती सापडत नाही.

प्ले नाही म्हणून बेअरिंगला निर्दोष सोडणं

सीलबंद बेअरिंगमध्ये प्ले येण्याच्या बऱ्याच आधी आवाज येतो. साठच्या वेगाला 'घूंऽऽ' ऐकू येतं, वेगाबरोबर चढतं आणि क्लच दाबला तरी कमी होत नाही. ते टायरचंही असू शकतं. पुण्यात फरक ओळखायला सोपं, कारण डांबरावरून काँक्रीटवर आणि परत डांबरावर आपण सारखे येत-जात असतो: रस्ता बदलला की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. बेअरिंगचा सूर बदलतो तो वळणावर. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घूं वाढला तर उजवं बेअरिंग. हे नवले पुलाच्या उतारावर करून बघू नका, पहाटे रिकाम्या रस्त्यावर हलक्या हाताने करा.

उचललेल्या गाडीत न्यूट्रलवर चाक हाताने फिरवताना दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. कानाला डिफरन्शियल आणि पॅडचे आवाज एकत्र येतात, बोटांना येत नाहीत.

एक खूण सहसा कुणी सांगत नाही. खराब रस्ता संपल्यावर पहिला ब्रेक नेहमीपेक्षा खोल जातो आणि दुसरा बरोबर लागतो. सैल बेअरिंगमुळे डिस्क डगमगते आणि पॅडना मागे ढकलते. अशा वेळी ब्रेकमधली हवा काढत बसण्याआधी चाक हलवून बघा.

खडखड ऐकून चाकावर आरोप

लहान स्पीड ब्रेकरवर, विशेषतः त्या रबरी पट्ट्यांवर, हळू जाताना होणारी खडखड बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची किंवा बार बुशची असते. त्याने चाकाला प्ले येत नाही. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना 'टणक्' असा आवाज आणि स्टीअरिंगला झटका असेल तर बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवा. पूर्ण स्टीअरिंग वळवून चालवताना 'कटकटकट' असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. या तिन्हींसाठी लोअर आर्म बदललेल्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत.

प्ले असताना अलाइनमेंट

स्टीअरिंग ओढतंय म्हटलं की पहिली धाव अलाइनमेंटच्या दुकानात. सैल टाय रॉडवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या फाटकापर्यंतही टिकत नाही, कारण मशीन ज्या कोनावर सेट करतं तो कोनच सांध्याच्या मर्जीवर आहे. आधी प्ले काढा, मग अलाइनमेंट. टाय रॉड एन्ड बदलल्यावर ती करावीच लागते.

दुरुस्तीतल्या चुका

बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका. आतल्या रिंगवर घाव घालून बाहेरची रिंग बसवली की तो जोर गोळ्यांमधून जातो, रिंगवर बारीक खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. नकल काढून प्रेसवर न्यायलाच हवी. एबीएस असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते आणि ती सेन्सरकडे यावी लागते. उलटं बसलं तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. मधला नट नवा आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) घट्ट केलेला हवा. एअर गनचा 'टर्रर्र' म्हणजे टॉर्क नव्हे.

बेअरिंग पक्क्या बिलावर घ्या. चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे म्हणून पुण्यात मिळणारा प्रत्येक डबा अस्सल असतो असं नाही.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लोंबकळत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. ही चूक इतकी सर्रास आहे की काम चालू असताना तिथे उभं राहणं वसूल होतं.

नटातून जाणाऱ्या स्प्लिट पिनचा एक बारकावा. टाय रॉड किंवा बॉल जॉइंटच्या नटाचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवायचा, सैल करून नाही. क्वालिससारख्या जुन्या गाडीच्या टेपर रोलर बेअरिंगला मात्र उलटं: चाक फिरवत नट आवळायचा, सैल करायचा, हलकेच परत टेकवायचा आणि भोक जुळवायला मागे घ्यायचा. तिथे किंचित प्ले चालतो, जास्त आवळलेलं बेअरिंग मात्र तापून जातं.

बॉल जॉइंटला वेल्डिंगचा टाका मारून 'अजून दोन वर्षं जाईल' असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून टोइंगवर काढा. तो सांधा सुटला की चाक बाहेरच्या बाजूला मुडपतं आणि स्टीअरिंग निरुपयोगी होतं. म्हणून बॉल जॉइंटचा किंवा टाय रॉडचा प्ले डोळ्यांना दिसत असेल तर कात्रज घाट चढायचा बेत पुढे ढकला. बेअरिंग नुसतं गुणगुणतंय आणि प्ले नाही, तर गॅरेजची वेळ मिळेपर्यंत शहरात हळू चालवायला हरकत नसते.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. गाडी पुन्हा उचलायला लावा आणि मदतनिसासकट तीच हलवाहलवी परत करा. आणि काढलेला पार्ट मागून घ्या. बॉल जॉइंटचा दांडा हाताने फिरवून बघा: तो घट्ट, जोर लावल्यावरच हळू फिरत असेल तर प्ले त्यात नव्हता, आणि तो अजून गाडीतच आहे.