व्हिनेगर आधी की नंतर: ब्रिटिश चिप्स आणि अमेरिकन फ्राइज घरी करताना

सुरुवातीलाच नावांचा गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात आपण ज्यांना वेफर्स म्हणतो, त्यांना ब्रिटनमध्ये क्रिस्प्स आणि अमेरिकेत चिप्स म्हणतात. ब्रिटनमध्ये चिप्स मागितले, तर बटाट्याचे बोटाएवढे जाड, गरमागरम तळलेले काप हाती येतात, आणि आपल्याकडील जुन्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर आढळणारे ‘फिंगर चिप्स’ हे नाव याच अर्थाला धरून आहे. अमेरिकेतील फ्राइज हा त्याच बटाट्याचा, परंतु पूर्णपणे निराळा पदार्थ आहे. यॉर्कशायरमधील काही वर्षांच्या वास्तव्यात आणि त्यानंतरही हे दोन्ही प्रकार मी घरी वारंवार केले, आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: चिप्सना व्हिनेगर तळल्यानंतर लागते, तर फ्राइजना ते तळण्याच्या आधी लागते. दोन्ही कृतींतील बाकीचे फरक याच एका गोष्टीशी जोडलेले आहेत.

बटाटा निवडताना घाई करू नये. ब्रिटनमध्ये चिप्स तळून विकणाऱ्या दुकानदारांचा भरवसा बहुधा मॅरिस पायपर या १९६६ साली बाजारात आलेल्या वाणावर असतो. तो पिठूळ असतो, म्हणजे त्यात पाण्याचे प्रमाण कमी व पिष्ट अधिक असते, त्यामुळे तळल्यावर आतला गर भुसभुशीत होतो. अमेरिकेत हे स्थान रसेट बरबँक या लांबट, खरबरीत तपकिरी सालीच्या बटाट्याला आहे. लांब, सरळ काप निघावेत यासाठी त्याचा आकारही सोयीचा पडतो. भारतात सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने विकसित केलेले कुफरी चिप्सोना आणि कुफरी फ्रायसोना हे वाण तळण्यासाठीच आहेत, मात्र ते किरकोळ बाजारात सहज मिळत नाहीत. अशा वेळी भाजीवाल्याला एवढेच विचारावे की बटाटा शीतगृहातला आहे का. फार थंड जागी राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाची साखर होऊ लागते, आणि असा गोड बटाटा आतून शिजण्यापूर्वीच बाहेरून काळपट पडतो. याच कारणासाठी घरीही बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

आता चिप्सची कृती पाहू. एक किलो बटाटे सोलून त्यांचे साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. काप थोडे लहानमोठे झाले तरी चालते. चांगल्या दुकानातील चिप्सही कधी एका मापाचे नसतात. पाणी नितळ दिसेपर्यंत काप धुवावेत, अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत आणि मग सुती पंचावर पसरून अगदी कोरडे करावेत. ओला काप तेलात पडला की तेल उसळते, म्हणून येथे आळस करू नये. कढई निम्म्याहून अधिक भरू नये, आणि तेलाने पेट घेतलाच तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावे.

पहिले तळण १३० ते १४० अंश सेल्सिअसवर सात ते नऊ मिनिटे करावे. तापमापक नसेल तर एक काप सोडून पाहावा: तो तळाशी जाऊन संथपणे लहान बुडबुडे सोडू लागला, तर तेल योग्य तापले आहे असे समजावे. या टप्प्यावर रंग येऊ द्यायचा नसतो, काप फक्त शिजवायचा असतो. सुरीचे टोक सहज आत गेले की काप झाऱ्याने काढून जाळीवर पसरावेत आणि किमान अर्धा तास निवू द्यावेत. या वेळात त्यांच्या पृष्ठभागावरील वाफ निघून जाते, आणि दुसऱ्या तळणात कवच धरते ते त्यामुळेच. दुसरे तळण १८० ते १९० अंशांवर तीन-चार मिनिटे करावे. काप टाकताच तेलाचा आवाज मोठा व भरीव येतो आणि काप शिजत आले की तो बारीक होत जातो. आवाज उतरला आणि कडा सोनेरी दिसू लागल्या की काप बाहेर काढावेत. असे चिप्स वेफर्ससारखे कुरकुरीत होत नाहीत, आणि तसे होणे अपेक्षितही नाही. ते बाहेरून खुसखुशीत व आतून उकडलेल्या बटाट्यासारखे मऊ असतात, आणि व्हिनेगर शोषून घेण्याचे काम हा मऊ गरच करतो.

व्हिनेगर घालण्याचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मीठ आधी भुरभुरवून वर व्हिनेगर ओतले, तर मीठ धुऊन तळाशी जाते. म्हणून चिप्स अगदी गरम असतानाच एक किलोला सुमारे दोन मोठे चमचे व्हिनेगर दोन वेळा विभागून शिंपडावे, प्रत्येक वेळी भांडे हलवावे आणि मग मीठ घालावे; ओलसर कापाला ते चिकटून राहते. यानंतर चिप्स साध्या, न छापलेल्या कागदात सैलसर गुंडाळून दोन मिनिटे तसेच ठेवावेत. पूर्वी ब्रिटनमध्ये यासाठी वर्तमानपत्र वापरत असत, परंतु छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून ती पद्धत मागे पडली. पुडा उघडताच नाकाला झोंबणारी आंबट वाफ वर येते, वरचे काप अजून खुसखुशीत असतात आणि तळाशी व्हिनेगर प्यायलेले मऊ तुकडे साचलेले असतात. मला स्वतःला ते तळाचे तुकडेच सर्वांत प्रिय आहेत.

व्हिनेगर कोणते, हाही प्रश्न आहेच. मूळ पसंती सातूच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूपासून, केलेल्या तपकिरी माल्ट व्हिनेगरला आहे. ब्रिटनमधील अनेक दुकानांत मात्र त्याऐवजी पाणी, ॲसेटिक आम्ल आणि कॅरॅमलचा रंग यांचे मिश्रण वापरतात, आणि त्याला तेथे कायद्याने व्हिनेगर म्हणता येत नाही. आपल्याकडील किराणा दुकानातील ‘सिंथेटिक’ असे छापलेली पांढरी बाटली याच जातीची असते. ती चालते, पण तिची चव एकसुरी असते. माल्ट व्हिनेगर न मिळाल्यास गोव्यातील माडाच्या सुरेचे व्हिनेगर वापरून पाहावे; त्याचा स्वाद निराळा असला, तरी आंबवण्यातून आलेला गोलवा त्यात नक्की असतो.

फ्राइजच्या बाबतीत काप साधारण सहा मिलिमीटरचे आणि शक्य तितके एकसारखे हवेत. इतका बारीक काप पाण्यात उकळला तर मोडून जातो, आणि येथेच व्हिनेगर उपयोगी पडते. दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर व तितकेच मीठ घालून काप सुमारे दहा मिनिटे उकळावेत. आम्लामुळे बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही, त्यामुळे काप पूर्ण शिजूनही अखंड राहतात. ते कोरडे करून १९० ते २०० अंशांच्या तेलात जेमतेम पन्नास सेकंद तळावेत, अर्धा तास निववावेत आणि त्याच तापमानाला पुन्हा साडेतीन मिनिटे तळावेत. तयार फ्राइजमध्ये आंबटपणा जाणवत नाही. यावर वरून व्हिनेगर शिंपडू नये: आत ते मुरण्याइतका गर नसल्याने कवच लगेच चिवट होते. बारीक मीठ आणि शेजारी वाटीत टोमॅटो केचप एवढे पुरेसे आहे.

बाहेर खाणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, अनेक दुकाने गोमांसाच्या चरबीत तळतात. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी मागणी देण्यापूर्वीच चौकशी करावी. अमेरिकेत मॅकडोनल्ड्सने १९९० मध्ये चरबी सोडून वनस्पती तेल स्वीकारले, परंतु फ्राइजमधील स्वादद्रव्यात गोमांसाचा अंश राहिला. त्यावरून शाकाहारी आणि हिंदू ग्राहकांनी केलेल्या दाव्यांनंतर कंपनीने २००२ मध्ये माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

दोन्ही प्रकार एकाच दिवशी करायचे असतील, तर चिप्सचे पहिले तळण आणि फ्राइजची उकळणी व पहिले तळण दुपारीच उरकून घ्यावे. पाने मांडल्यावर आधी चिप्सचे दुसरे तळण करून, व्हिनेगर व मीठ घालून ते कागदात गुंडाळावेत आणि मग फ्राइज तेलात सोडावेत. फ्राइज पाच-सात मिनिटांत मऊ पडतात, त्यामुळे त्यांना थांबवून ठेवता येत नाही. कागदातले चिप्स मात्र तेवढ्या वेळात व्हिनेगर पिऊन अधिकच चविष्ट होतात.