वयात येणाऱ्या मुलींना स्वतःचं शरीर कसं समजवायचं (फक्त खडू आणि बोर्ड घेऊन)

कराड-पाटणकडच्या शाळांमधनं आठवी-नववीच्या मुलींचे तास बरीच वर्षं घेतेय, त्यामुळे आधीच सांगते, ‘फुलाचं उदाहरण घ्या, मग हळूहळू विषयावर या’ असं कुणी सुचवलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. परागकण, बीजांड करता करता तास संपतो आणि मुली होत्या तिथंच राहतात. पीपीटी पण नको, ऐन वेळी लाइट जाते. पांढरा आणि लाल खडू बास झाला. आयांना बोलावता आलं तर फारच छान. परवानगी, सरांना बाहेर पाठवणं, दार ओढून घेणं हे तुम्ही बघालच.

आता खरी मेख. पुस्तकातली आकृती म्हणजे गर्भाशय, दोन्हीकडं नळ्या, नळ्यांच्या टोकाला अंडाशय, आणि सगळे शिकवणारे तिथनंच सुरुवात करतात. मुली ती आकृती पाठ करून मार्क पण मिळवतात, पण हे तुझ्या अंगात कुठं आहे गं असं विचारलं की कुणी बेंबीवर हात ठेवते, कुणी त्याच्याही वर. आणि लघवी कुठनं येते, पाळी कुठनं येते विचारलं तर बऱ्याच जणी म्हणतात एकाच जागेतनं. मुलीच नाही, तीन-तीन बाळंतपणं झालेल्या बायका पण हेच सांगतात. गोंधळ होणारच की, लघवीची पिशवी आणि गर्भपिशवी, दोन्ही पिशव्याच आणि दोन्ही ओटीपोटात. माझं पण सुरुवातीला इथंच अडायचं, आतनं बाहेर यायला बघायचे आणि मधेच मुली हरवायच्या.

तर बाहेरनं आत जायचं. मांड्यांच्या मधे आरसा धरला तर काय दिसेल ते बोर्डावर काढा. पुढनं मागं एका रेषेत तीन ठिपके: पहिला बारीक तो लघवीचा, मधला योनीचं तोंड, शेवटचा शीच्या जागेचा. बाजूनं आतले ओठ, बाहेरचे ओठ, आणि सगळ्यात पुढं शिश्निका (क्लिटोरिस). ती गाळू नका, मॅडम लोक हमखास गाळतात. दिसते दाण्याएवढी पण तिचा मोठा भाग आत असतो, आणि तो नीट मांडायला १९९८ साल उजाडलं, ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओकॉनेल या सर्जन बाईंनी शवविच्छेदन करून तो दाखवला. या टप्प्यावर वर्गात खुसखुस होणार, होऊ द्या, ओरडू नका, ओरडलात की पुढं एकही प्रश्न येत नाही.

मग शेजारीच बाईचं शरीर एका बाजूनं काढा. पुढं लघवीची पिशवी, तिच्या मागं-वर गर्भपिशवी, सगळ्यात मागं मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. आता त्या तीन ठिपक्यांपासनं आत रेघा ओढायच्या, पहिली पांढरी, मधली लाल, शेवटची तुटक पांढरी. तुम्ही ओढू नका, मुलीला बोलवून तिच्याकडनं ओढून घ्या. लाल रेघ गर्भपिशवीला जाऊन टेकली की मागच्या बाकावरनं ‘आगं बाई, येगळंच हाय की’ असं ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा एखादी आईच बोललेली असते.

हे जमलं की बाकीचं आपोआप सुटतं. शी धुताना हात पुढनं मागं का न्यायचा, कारण शेवटच्या ठिपक्यावरचे जंतू पहिल्यात शिरतात आणि बायकांची मूत्रनळी जेमतेम ४ सेंटीमीटरची, मग जळजळ सुरू. भांगलायला गेलेल्या बायका दिवसभर लघवी दाबून धरतात, पाणीच पीत नाहीत, त्यांना हे दोनदा सांगा.

पडद्याचा प्रश्न कुणीतरी विचारतंच, सायकल चालवली तर फाटतो का वगैरे. सरळ सांगा, तो योनीच्या तोंडाशी असलेला लवचिक पातळ पापुद्रा आहे, त्याला भोक आधीपासनंच असतं नाहीतर पाळी बाहेर कुठनं आली असती, आणि त्यावरनं कुणाचं काहीही सिद्ध होत नाही. कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही, ती बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ ला सांगितलंय आणि बलात्कार पीडितेची टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून तपासणं) करू नये असं सुप्रीम कोर्टानं २०२२ ला बजावलंय. यावर मी वाद घालत नाही.

पाळीचं चक्र शिकवणं सोपं आहे, १० मिनिटांत होतं.

एखादी आज्जी ‘देवाधर्माच्या गावात हे काय काढताय’ म्हणाली तर देवाधर्मावरच या. लज्जागौरी या देवीच्या मूर्ती आपल्याकडं धाराशिव जिल्ह्यात तेरला सापडल्यात, डोक्याच्या जागी कमळ आणि बाळंतिणीसारखे पाय फाकवलेले, आणि लोक तिला पूजत होते. आसामात कामाख्येच्या गाभाऱ्यात मूर्तीच नाही, योनीच्या आकाराचा खडक आहे, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला देवीला पाळी आली म्हणून ३ दिवस देऊळ बंद ठेवतात आणि मग तिचं लाल फडकं प्रसाद म्हणून वाटतात. आज्जी गप्प होते असं नाही, पण उठून जात नाही. मग पाळीत घटाला हात का लावायचा नाही यावर मुली आणि आज्जी आपसात भांडतात, त्यात तुम्ही पडू नका.

बापांची मीटिंग मिळाली तर एकच गोष्ट सांगा, बाईच्या बीजात कायम एक्स, पुरुषाच्या बीजात एक्स नाहीतर वाय, म्हणजे मुलगी झाली त्याचा हिशोब बायकोकडं मागायचा नाही. याच सातारा जिल्ह्यात २०११ ला नकुशी, नकोशी अशा नावाच्या २८५ पोरींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलावी लागली होती.

शेवटी बोर्डाच्या कोपऱ्यात एवढं लिहून ठेवा: १५ पूर्ण होऊनही पाळी नाही, तासाभरात पॅड भिजतंय, अंगावरनं जाणाऱ्या पांढऱ्याला वास किंवा खाज आहे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर डॉक्टर. आणि चिठ्ठ्यांचा डबा दाराबाहेर ठेवा, वर्गात ठेवला तर कोण टाकतंय ते सगळ्या बघत बसतात.